गाठीचा गाभा काळा दिसतो, म्हणजे औषध तिथे पोचलंच नाही का?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. क्षयाचा संसर्ग दिलेल्या सशांना तुम्ही मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक दिलंत, फुफ्फुसं गोठवलीत आणि बाहेरच्या एका प्रयोगशाळेकडून त्यांचं माल्डी इमेजिंग (ऊतीच्या पातळ कापावर लेझर टाकून, उडालेल्या आयनांच्या वस्तुमानावरून कुठला रेणू कुठे आहे त्याचं चित्र काढण्याची पद्धत) करून घेतलंत. चित्रात गाठीभोवती औषधाचं उजळ कडं दिसतं आणि मधला केसियमचा भाग, म्हणजे मेलेल्या पेशींचा पांढुरका लगदा, जवळजवळ काळा. तुम्ही पेपरात लिहिलंत की औषध केसियममध्ये शिरत नाही. रिव्ह्यूअरने विचारलं की हे आयन सप्रेशन, म्हणजे इतर रेणूंनी औषधाचा सिग्नल दाबणं, नाही कशावरून. गाईड म्हणतात, आधीच्या पेपरांतही हेच दिसलंय, संदर्भ द्या आणि पुढे चला. हाताशी थोडे गोठवलेले तुकडे आहेत आणि दोन महिन्यांची मुदत. शिवाय त्याच डेटामधून लिपिडची चित्रंही काढावीत का, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत आधीच सांगतो. तुमचा निष्कर्ष बहुतेक बरोबर आहे, पण तुमच्या चित्रांनी तो अजून सिद्ध झालेला नाही. रिव्ह्यूअरचा प्रश्न रास्त आहे आणि नुसत्या संदर्भांनी त्याचं उत्तर होत नाही.

गाईडच्या बाजूने बोलायचं तर त्यांचं म्हणणं हवेतलं नाही. मॉक्सिफ्लॉक्सासिनचं सशाच्या क्षयग्रस्त फुफ्फुसातलं इमेजिंग २०११ मध्येच प्रसिद्ध झालं. २०१५ मध्ये वेरोनिक डार्टवा यांच्या गटाने 'नेचर मेडिसिन'मध्ये रुग्णांच्या, शस्त्रक्रियेत काढलेल्या फुफ्फुसांवरचं काम मांडलं. त्यात मॉक्सिफ्लॉक्सासिन गाठीच्या पेशीयुक्त भागात भरपूर आणि केसियममध्ये अगदी कमी दिसलं, तर रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड केसियमपर्यंत पोचलेले दिसले. मॉक्सिफ्लॉक्सासिन घालून उपचार चार महिन्यांवर आणायचा २०१४ चा रेमॉक्स हा मोठा प्रयत्न फसला होता, त्याच्याशी हे चित्र जुळणारं होतं. पण त्या गटाचे प्राणी, त्यांचा डोस, त्यांच्या गाठी, त्यांचं सेक्शनिंग हे सगळं त्यांचं. तुमच्या स्लाइडवर मधला भाग काळा का पडला, हे त्यांचा पेपर सांगू शकत नाही. शिवाय त्यांनी निव्वळ चित्रावर भागवलेलं नाही, आकडे वेगळ्या पद्धतीने पडताळलेले आहेत. आपण त्यांच्याकडून घ्यायचं ते हे.

आता मूळ मुद्दा. माल्डीच्या चित्रातली उजळता म्हणजे औषधाची मात्रा, असं आपण बोलताना सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात एका पिक्सेलवर काय घडतं ते क्रमाने बघा. दहा-बारा मायक्रॉनच्या सेक्शनवर (पातळ कापावर) मॅट्रिक्सचं, म्हणजे लेझरची ऊर्जा शोषून रेणू उडवणाऱ्या पदार्थाचं, द्रावण फवारलं जातं. त्या द्रावणाने ऊतीतून औषध ओढून वर आणायला हवं. मग ते मॅट्रिक्सच्या स्फटिकात बसायला हवं. लेझरचा झोत पडल्यावर स्फटिकासोबत उडायला हवं. उडताना त्याला प्रोटॉन मिळायला हवा. आणि वाटेत न तुटता ते डिटेक्टरपर्यंत पोचायला हवं. यातली प्रत्येक पायरी ऊतीच्या जागेनुसार बदलू शकते. कड्यात आणि केसियममध्ये औषध अगदी सारखं असतं, तरी या पायऱ्यांमुळे चित्र वेगळं दिसू शकलं असतं. रिव्ह्यूअर हेच विचारतोय, फक्त त्यातल्या एकाच पायरीचं नाव घेऊन.

सप्रेशन म्हणजे प्रोटॉनसाठीची चढाओढ. सकाळी दादरला लोकलच्या दारात जे होतं तेच इथे होतं: जागा मोजक्या, रेटा देणारे आत शिरतात, बाकीचे फलाटावर राहतात. ऊतीत रेटा देणारे म्हणजे फॉस्फॅटिडिलकोलीन, कारण त्यांच्यावर कायमचा धन प्रभार असतो. आणि तुमचा अवयव फुफ्फुस आहे. वायुकोशांच्या सर्फॅक्टंटमध्ये डायपाल्मिटॉइल फॉस्फॅटिडिलकोलीन खच्चून भरलेलं असतं, त्याचा एम/झेड (आयनचं वस्तुमान भागिले प्रभार) ७३४.५७ चा पीक अशा स्पेक्ट्रममध्ये डोळ्यांत भरतो. म्हणजे रिव्ह्यूअरला वाटतंय त्याच्या उलटही असू शकतं. चांगल्या फुफ्फुसात सप्रेशन जास्त आणि केसियममध्ये कमी, असं निघालं तर तुमचा निष्कर्ष आणखी बळकट होईल. पण केसियम म्हणजेही साधा लगदा नव्हे. त्यात कोलेस्टेरॉल, त्याची एस्टर आणि ट्रायग्लिसराइड ठासून असतात, पेशी फुटल्याने क्षारांचं प्रमाणही बदललेलं असतं. तर्काने इथे काही ठरत नाही, मोजावं लागतं.

मोजण्याआधी मात्र एक फुकटची तपासणी करा. काळ्या भागात ऊती होती का?

हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण केसियमच्या बाबतीत मी तो सगळ्यात आधी विचारतो. केसियम ठिसूळ असतं. क्रायोस्टॅटच्या (गोठलेली ऊती कापणाऱ्या यंत्राच्या) पात्याखाली गाठीचं कडं नीट कापलं जातं आणि मधला भाग भुगा होऊन निसटतो. सेक्शन काचेवर चढताना तो आणखी सुटतो. स्कॅन केलेल्या स्लाइडवर, त्यावर मॅट्रिक्सचा पांढरा थर असताना, भोक आणि केसियम यांतला फरक कळत नाही. मग चित्रात काळं वर्तुळ येतं आणि त्याला आपण 'औषध शिरलं नाही' म्हणतो. ही तपासणी तुमच्याकडे असलेल्याच डेटामध्ये होते. एम/झेड ३६९.३५ चं चित्र काढा. हा कोलेस्टेरॉलमधून पाणी निघून गेल्यावर उरणारा आयन. त्याची एस्टरही तुटून तिथेच येतात. तो गाभ्यात लख्ख दिसला तर ऊती जागेवर आहे आणि तिथून आयन उडतायत, एवढं नक्की झालं. गाभा त्यातही काळा आला, तर औषधाबद्दल त्या गाठीवरून काहीच बोलू नका. फक्त तुमची मोजणी फुल स्कॅनमध्ये, म्हणजे सगळी वस्तुमानं टिपत, झाली असेल तरच हे जमेल. प्रयोगशाळेने औषधाचंच ट्रान्झिशन (औषधाचा आयन आणि त्याचा ठरावीक तुकडा एवढंच) मोजलं असेल, तर तुमच्याकडे ३६९ चा डेटाच नसणार. तेव्हा त्यांना आधी ते विचारा.

त्याच बैठकीत आणखी दोन चित्रं काढा. एक मॅट्रिक्सच्या स्वतःच्या आयनचं. गाठीच्या कडेला ऊतीची जाडी आणि पोत बदलतो, तिथे फवारा साचतो, स्फटिक मोठे होतात. औषधाचं उजळ कडं आणि मॅट्रिक्सचं उजळ कडं एकावर एक बसत असतील तर सावध व्हा. दुसरं हीमचं, एम/झेड ६१६.१८ च्या आसपास. हीम जिथे, तिथे रक्त. बहुतेक ठिकाणी सशांना परफ्यूज करत नाहीत, म्हणजे रक्त धुऊन काढत नाहीत, आणि गाठीच्या बाहेरच्या कडेला रक्तवाहिन्या असतातच. औषधाचं कडं हीमच्या कड्यावर तंतोतंत बसलं तर तुम्ही रक्तातलं औषध बघत असाल. ते हीमच्या आतल्या बाजूला, मॅक्रोफेज या भक्षक पेशींच्या थरात असेल, तर 'पेशींमध्ये साठतं' हे म्हणायला आधार मिळतो. फ्लुओरोक्विनोलोन (मॉक्सिफ्लॉक्सासिन याच गटातलं) मॅक्रोफेजमध्ये साठतात हे इतर पद्धतींनीही माहीत आहे, त्यामुळे मला दुसरी शक्यता जास्त वाटते. तरी चित्र काढाच.

मग एचअँडई, म्हणजे पेशींची रचना दाखवणारं नेहमीचं रंगवणं. ज्या सेक्शनवर लेझर चालला तोच सेक्शन मॅट्रिक्स अल्कोहोलने धुऊन रंगवता येतो. लेझरच्या खुणाही पुष्कळदा दिसतात, त्यामुळे चित्र बसवायला सोपं जातं. शेजारचा सेक्शन रंगवला तरी चालतं, पण गाठ लहान असेल तर वीस-तीस मायक्रॉनमध्ये कडा सरकलेली असते. तुमच्या पेपरात केसियमची सीमा कशी आखली ते लिहिलेलं दिसत नाही. ती औषधाच्याच चित्रावरून आखली असेल तर तो वर्तुळाकार युक्तिवाद झाला: काळा भाग म्हणजे केसियम, आणि केसियम काळं. सीमा पॅथॉलॉजिस्टने एचअँडईवर आखावी, औषधाचं चित्र न दाखवता.

इतकं झाल्यावर रिव्ह्यूअरच्या नेमक्या प्रश्नाकडे या. सप्रेशनचा सरळ उपाय म्हणजे ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) घातलेलं तेच औषध. मॉक्सिफ्लॉक्सासिन डी-४ विकत मिळतं. त्याचा प्रोटॉनयुक्त आयन एम/झेड ४०६.२ ला येतो, तुमच्या औषधाचा ४०२.१८ ला. रसायन तेच, त्यामुळे सप्रेशन दोघांनाही सारखंच भोगावं लागतं. मॅट्रिक्सच्या आधी सेक्शनवर त्याचा एकसारखा फवारा द्या, मग मॅट्रिक्स, मग मोजणी. आता डी-४ चं चित्र बघा. तुम्ही ते सगळीकडे सारखं फवारलंय, त्यामुळे त्यात दिसणारा प्रत्येक चढउतार हा ऊतीचा आणि स्फटिकांचा परिणाम आहे. डी-४ गाभ्यातही तितकंच उजळ असेल तर रिव्ह्यूअरला उत्तर मिळालं. तेही गाभ्यात मंद असेल तर प्रत्येक पिक्सेलला औषध भागिले डी-४ असं गुणोत्तर काढा आणि नव्याने चित्र मांडा. सप्रेशनचा भाग त्यात निघून जातो.

दोन गोष्टी इथे बघाव्या लागतात. डी-४ मध्ये साध्या औषधाचा किंचित अंश असतो. तो किती ते कोऱ्या काचेवर फवारून आधी बघा, नाहीतर सगळ्या स्लाइडवर, औषध न दिलेल्या सशाच्या फुफ्फुसातसुद्धा, तुम्हाला औषध दिसेल. आणि फवाऱ्याची तीव्रता ऊतीतल्या औषधाच्या जवळपास ठेवा. ढीगभर डी-४ टाकलं तर तेच रेटा द्यायला लागतं.

एकूण आयनसंख्येने भागून नॉर्मलाइज केलंय, त्याने सप्रेशन सुटत नाही का, असं तुम्हाला वाटत असेल. नाही सुटत. फुफ्फुसात एकूण आयनसंख्या मुख्यतः लिपिड ठरवतात. जिथे लिपिडचा गलका जास्त तिथे भाजक मोठा, म्हणून औषध आणखी मंद दिसतं. गाठ आणि चांगलं फुफ्फुस अशा दोन टोकांच्या ऊतींची तुलना या भागाकारावर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

डी-४ ची मर्यादाही समजून घ्या, कारण चांगला रिव्ह्यूअर पुढचा प्रश्न तोच विचारेल. फवारलेलं डी-४ ऊतीच्या वर बसतं. तुमचं खरं औषध ऊतीच्या आत, प्रथिनांना आणि मेदाला चिकटलेलं असतं. म्हणजे डी-४ सप्रेशन तपासतं, पण औषध ऊतीतून वर ओढलं गेलं का हे तपासत नाही. चिवट, मेदाळ केसियममधून मॅट्रिक्सच्या द्रावणाने औषध निघतच नसेल, तर डी-४ उजळ आणि औषध मंद असं फसवं चित्र मिळेल. फ्लुओरोक्विनोलोन कॅल्शियम-मॅग्नेशियमसारख्या धातूंना धरून ठेवतात (अँटासिडसोबत ही औषधं घेऊ नका असं सांगतात ते याचमुळे), त्यामुळे जुन्या, चुना धरलेल्या गाठींत मला ही शंका जास्त येते.

याला माल्डीच्या आतून मिळणारं उत्तर म्हणजे नकली ऊती. औषध न दिलेल्या, संसर्ग झालेल्या सशाचं केसियम घ्यायचं, त्यात ठरावीक मात्रेत औषध कालवायचं, मुरू द्यायचं, गोठवायचं आणि त्याचे सेक्शन कापायचे. पेशीयुक्त भागाचंही तसंच. एकाच मात्रेला दोन्हीकडून किती सिग्नल येतो ते कळलं की ओढून काढण्यातला फरकही मोजला जातो. पण हे काम बीएसएल-३ मध्येच (घातक जंतूंसाठीच्या बंदिस्त प्रयोगशाळेत) होणार आणि केसियम पुरेसं लागणार. दोन महिन्यांत जमेल की नाही हे तुमच्या सुविधेवर आणि प्राण्यांच्या परवानगीवर अवलंबून आहे. मी तुमच्या जागी असतो तर या मुदतीत याच्या मागे लागलो नसतो.

त्याऐवजी माल्डी बाजूला ठेवून मोजा. उरलेल्या तुकड्यांतून पंचवीस मायक्रॉनच्या आसपास जाडीचे सेक्शन काढा, लेझर कॅप्चरने (सूक्ष्मदर्शकाखाली लेझरने हवा तो भाग कापण्याच्या पद्धतीने) केसियम आणि कडं वेगवेगळं कापून घ्या, औषध पूर्ण विरघळवून काढा आणि एलसी-एमएसवर (आधी क्रोमॅटोग्राफीने रेणू वेगळे करून मग वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) स्टँडर्ड कर्व्ह लावून मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅममध्ये आकडा काढा. इथे औषध काढायला तुम्ही हवं ते द्रावण वापरू शकता, हवा तितका वेळ देऊ शकता, क्रोमॅटोग्राफीमुळे लिपिड वेगळे पडतात. चित्राने सांगितलेलं आणि या आकड्याने सांगितलेलं जुळलं, तर रिव्ह्यूअरकडे बोलायला जागा उरत नाही. लेझर कॅप्चर जवळ नसेल आणि गाठी काही मिलिमीटरच्या असतील, तर गोठलेल्या अवस्थेतच बारीक पंचने गाभा उचलता येतो. मात्र सीमेला लागून असलेली पट्टी सोडून द्या. कड्यातल्या जास्त औषधाचा थोडासा भाग गाभ्याच्या नमुन्यात आला तरी गाभ्याचा आकडा फुगतो.

तुमचे तुकडे बीएसएल-३ मधून बाहेर कसे आले ते तुम्ही सांगितलेलं नाही. क्षयाच्या ऊतींसाठी गोठलेल्या स्थितीत गॅमा किरण देतात. ते दिले असतील तर किरणांनी औषध तुटत नाही, याचा एक छोटा पुरावा जोडा: औषध कालवलेल्या ऊतीचा एक तुकडा किरण देऊन, एक न देता. फॉर्मॅलिनमध्ये बुडवून बाहेर आणले असतील तर मामला गंभीर आहे. छोटे रेणू फॉर्मॅलिनमध्ये वाहून जातात आणि चित्रात उरतं ते औषधाच्या वाटपाचं चित्र नसतं. तसं झालं असेल तर त्या ऊतींवर आणखी खर्च करू नका.

औषध जागेवरून सरकण्याबद्दल. तुमच्या बाबतीत ही शंका थोडी कमी आहे, कारण सरकलं असतं तर कड्यातलं औषध गाभ्यात पसरून काळेपणा पुसट झाला असता. कडा तीक्ष्ण आहे, ही चांगली खूण. पण तपासायचं ते तपासाच: मोजणीचा चौकोन ऊतीच्या बाहेर कोऱ्या काचेवर थोडा गेलेला असायला हवा आणि तिथे ४०२ चा सिग्नल नसायला हवा. तो असेल तर फवारा ओला होता किंवा स्लाइडला घाम आला होता.

हा घाम आपल्याकडे फार नुकसान करतो. उणे ऐंशीच्या फ्रीझरमधून स्लाइड काढून जुलैमध्ये मुंबई-पुण्याच्या हवेत तशीच उघडली, तर काही सेकंदांत तिच्यावर दवाचा थर धरतो. त्या दवात औषध विरघळतं आणि फुफ्फुसाच्या पोकळ्यांमधून वाट काढत पसरतं. स्लाइड बंद डबीत, सिलिका जेलसोबत ठेवायची. डबी न उघडता तशीच डेसिकेटरमध्ये न्यायची, व्हॅक्यूम लावायचा, काच खोलीच्या तापमानाला आली की मगच झाकण काढायचं. मी पावसाळ्यात यात अजिबात सूट देत नाही. घाईत असलेल्या विद्यार्थ्याला हा अर्धा-पाऊण तास फुकट गेल्यासारखा वाटतो, पण सेक्शनवर आलेलं दव नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने निघत नाही.

फुफ्फुसाबद्दल अजून एक. सेक्शन नीट यावेत म्हणून बरेच जण फुफ्फुसात ओसीटी भरतात. ओसीटी हे तुकडा गोठवून कापताना आधार देणारं पॉलिमरचं मिश्रण आहे. ते सेक्शनवर राहिलं की त्याच्या समान अंतरावरच्या पीकची रांग स्पेक्ट्रमभर उभी राहते आणि तेच सप्रेशन करतं. तुमच्या स्पेक्ट्रममध्ये ४४ च्या अंतराने पीक दिसत असतील तर कारण हे. पुढच्या वेळी जिलेटिन किंवा कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज वापरा, आणि तुकडा चकतीला चिकटवण्यापुरतंच काय ते वापरा.

इथवरचं एकत्र बघितलं तर काळ्या गाभ्याची कारणं अशी होतात: ऊती निसटली, मॅट्रिक्स नीट बसलं नाही, सप्रेशन, औषध ओढलं गेलं नाही, किंवा खरोखरच औषध कमी आहे. पहिली दोन तुमच्या संगणकावर एका दिवसात निकालात निघतात. तिसऱ्याला डी-४ लागतं. चौथ्याला एलसी-एमएस. पाचवं आपोआप उरतं.

पण 'कमी आहे' आणि 'शिरत नाही' यांत अंतर आहे, आणि पेपरातलं तुमचं वाक्य मला तिथे खटकतं. पहिलं म्हणजे वेळ. तुम्ही एका डोसनंतर एकाच वेळी प्राणी घेतलेत. त्या तासाला गाभ्यात औषध कमी होतं, इतकंच त्यावरून म्हणता येतं. केसियममध्ये रक्तवाहिन्या नसतात, औषध कडेकडून झिरपत जातं, त्याला वेळ लागतो. रिफाम्पिसिन केसियममध्ये डोसागणिक साठत गेलेलं दिसलंय. एका डोसवर बघितलं असतं तर त्याच्याबद्दलही चुकीचा निवाडा झाला असता. मॉक्सिफ्लॉक्सासिन अनेक डोसनंतरही तसंच वागेल असं मला वाटतं, पण तुमच्या प्रयोगात ते बघितलेलं नाही.

दुसरं म्हणजे काळा रंग शून्य नसतो. तो तुमच्या पद्धतीच्या शोधमर्यादेखालचा सगळा प्रदेश असतो. ती मर्यादा किती, हे औषध न दिलेल्या सशाच्या केसियमवर वेगवेगळ्या मात्रांचे थेंब ठेवून काढा आणि पेपरात द्या. हा आकडा का हवा ते बघा: एमजीआयटी या, द्रव माध्यमात जंतू वाढवून तपासण्याच्या, पद्धतीत मॉक्सिफ्लॉक्सासिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेने धरलेली निर्णायक मात्रा ०.२५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. तुमची शोधमर्यादा एक मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम असेल, तर काळ्या दिसणाऱ्या भागातसुद्धा वाढत्या जंतूंना रोखण्याइतकं औषध असू शकेल. केसियममधले जंतू बहुतांशी सुस्त असतात आणि त्यांना मारायला त्याहून बरंच जास्त लागतं, हेही खरं. पण वाचणाऱ्याला हा हिशेब करता यावा म्हणून आकडा द्यायलाच हवा. रंगपट्टीही बघून घ्या: सगळ्यात उजळ एक टक्का पिक्सेल छाटले आहेत का, दोन प्राण्यांच्या चित्रांना एकच पट्टी आहे का.

तिसरं, संख्या. तुमच्या तक्त्यात केसियम आणि कडं यांच्या तुलनेत हजारो पिक्सेल धरून पी-व्हॅल्यू काढलेली आहे. एका सशाच्या एका गाठीतले दहा हजार पिक्सेल म्हणजे दहा हजार निरीक्षणं नव्हेत, ते एका सशाचं एक निरीक्षण आहे. प्रत्येक गाठीसाठी एक सरासरी घ्या, गाठी सशांमध्ये बांधलेल्या आहेत हे मॉडेलमध्ये धरा आणि 'एन' म्हणून सशांची संख्या लिहा. पी-व्हॅल्यूतले शून्य कमी होतील, पण मांडणी प्रामाणिक होईल. रिव्ह्यूअरने हे अजून पकडलेलं नाही, म्हणून ते तसंच ठेवू नका.

गाईडनी दहा मायक्रॉनवर पुन्हा मोजायला सुचवलंय, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तुमच्या प्रश्नासाठी त्याची गरज नाही. पंधरा मिलिमीटर बाजूचा चौरस भाग पन्नास मायक्रॉनवर घेतला तर ९०,००० पिक्सेल होतात, दहावर २२,५०,०००. सेकंदाला एक पिक्सेल घेणाऱ्या यंत्रावर पहिल्याला पंचवीस तास लागतात, दुसऱ्याला सव्वीस दिवस. शिवाय पिक्सेलचं क्षेत्रफळ पंचवीस पटींनी घटतं, म्हणजे आधीच मंद असलेल्या गाभ्यातून तेवढंच कमी औषध मिळतं. गाठ मिलिमीटरमध्ये आणि प्रश्न कडं विरुद्ध गाभा असा असताना पन्नास मायक्रॉन पुरेसे आहेत. एकेका मॅक्रोफेजमध्ये औषध किती, हा प्रश्न असता तर मी वेगळं सांगितलं असतं.

आता लिपिडची चित्रं. काढू शकता, पण या पेपरात घालू नका, आणि काढलीत तर नावं देताना हात आखडता घ्या. एकच उदाहरण देतो. एम/झेड ७८२.५७ ला फुफ्फुसात चांगला पीक मिळतो. तो फॉस्फॅटिडिलकोलीन ३४:१ चा (आकडे मेदाम्लांतल्या एकूण कार्बनांचे आणि दुहेरी बंधांचे) सोडियम जोडलेला आयन असू शकतो, ७८२.५६७. किंवा फॉस्फॅटिडिलकोलीन ३६:४ चा प्रोटॉन जोडलेला, ७८२.५६९. दोघांत अंतर सुमारे ०.००२४ चं. ते वेगळे दाखवायला सव्वातीन लाखांच्या आसपास रिझॉल्व्हिंग पॉवर लागते, ती साध्या टाइम-ऑफ-फ्लाइट यंत्रात नसते. आणि नेमक्या तुमच्या ऊतीत ही गफलत महागात पडते: जिथे पेशी मेल्यात तिथे पोटॅशियम घटतं आणि सोडियम वाढतं, म्हणून सोडियमचा आयन उजळतो. तो ३६:४ समजून तुम्ही लिहाल 'गाभ्याजवळ अरॅकिडॉनिक आम्लाचं लिपिड वाढलं', दाहाशी त्याचा संबंधही जोडाल, आणि प्रत्यक्षात ते मिठाचं चित्र असेल. ३४:१ या एकाच लिपिडचे ७६०.५९, ७८२.५७ आणि ७९८.५४ असे प्रोटॉन, सोडियम, पोटॅशियमचे तीनही आयन शेजारी ठेवून बघा. प्रोटॉनवाल्याची आणि सोडियमवाल्याची चित्रं वेगळी निघाली की समजा काय चाललंय. मेटास्पेससारखी मोफत सुविधा नावांसोबत चुकीच्या ओळखीचा दरही देते, पण तीही मूलतः वस्तुमानावरून बोलते. आयन तोडून खात्री केल्याशिवाय लिपिडचं पूर्ण नाव लिहू नका.

दोन महिन्यांचं कसं लावायचं, तर या आठवड्यात ३६९, मॅट्रिक्स आणि हीमची चित्रं आणि आकडेवारीची दुरुस्ती. डी-४ आजच मागवा, कारण आयात होऊन यायला किती दिवस लागतील ते पुरवठादारावर आहे. ते येईपर्यंत पॅथॉलॉजिस्टकडून सीमा आखून घ्या. उरलेल्या तुकड्यांचे दोन वाटे करा आणि त्यातला मोठा एलसी-एमएससाठी राखून ठेवा. डी-४ ची मोजणी दोन-तीन सशांच्या सेक्शनवर झाली तरी चालेल, पण औषध न दिलेला आणि दिलेला सेक्शन एकाच स्लाइडवर असू द्या.

रिव्ह्यूअरला उत्तर देताना त्याची शंका मान्य करून सुरुवात करा. आकडे जुळले तर पेपरातलं वाक्य असं बदला: 'एका डोसनंतर अमुक तासांनी केसियममधली मॉक्सिफ्लॉक्सासिनची मात्रा पेशीयुक्त कड्यापेक्षा इतक्या पटींनी कमी होती. डी-४ स्टँडर्डने दुरुस्त केलेल्या चित्रात आणि कापून घेतलेल्या ऊतींच्या एलसी-एमएस मोजणीत हा फरक कायम राहिला.' आणि एलसी-एमएसने गाभ्यात चित्रापेक्षा बरंच जास्त औषध दाखवलं, तर तो निकाल दाबू नका. मग पेपराचा विषय बदलेल: माल्डी केसियममधलं मॉक्सिफ्लॉक्सासिन कमी दाखवते, आणि किती कमी दाखवते. क्षयाच्या औषधांवर काम करणाऱ्या कितीतरी गटांना तो आकडा हवाच आहे.